सर्व्हर कुठे, बॅकअप कुठे?
ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून महापेकडे जाताना औद्योगिक पट्ट्यात जवळजवळ बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती लागतात. आवारात जनरेटर, छतावर थंडाव्याची यंत्रं. ही डेटा सेंटरं. पनवेलजवळ योट्टा कंपनीचं असंच केंद्र २०२० साली सुरू झालं. असं असताना वाशी-नेरुळच्या छोट्याशा ऑफिसातून दुकानदारांच्या, क्लासवाल्यांच्या वेबसाइट बनवणाऱ्या पोरांनी त्या साइट अमेरिकेतल्या सर्व्हरवर का ठेवाव्यात? तिथे जाऊन-येऊन डेटाच्या प्रत्येक फेरीला २०० मिलिसेकंदांच्या आसपास जातात. मुंबईतल्या सर्व्हरला त्याचा लहानसा अंश पुरतो. होस्टिंगचे पैसे भरण्याआधी सर्व्हर कुठे आहे ते विचारा, आणि पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा नूतनीकरणाचा दर बघा. सगळे ग्राहक एकाच स्वस्त होस्टिंग खात्यात कोंबणं तर मला अजिबात पटत नाही: एकाच्या जुनाट वर्डप्रेस प्लगइनमधून शिरलेला घुसखोर सहज बाकीच्यांच्या फायलींपर्यंत पोहोचतो. डोमेन ग्राहकाच्याच नावावर घ्यावं. ते त्याच्या धंद्याचं नाव आहे, आपलं नव्हे. आणि बॅकअप! १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर आगीत जळालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. म्हणून एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात हवीच. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून साइट खरोखर उभी करून बघावी, चित्रं आणि संपर्काच्या फॉर्मसकट.