भरपाई तिजोरीतून, दोषी मोकळे

अधिकाऱ्याच्या गैरवर्तनाची किंमत त्याच्याच खिशातून वसूल करा, अशी मागणी झाली की मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत एकच उत्तर मिळते: मग सही कोण करील? प्रामाणिक माणसेही धास्तावतील, फायली पडून राहतील, कारभार ठप्प होईल. निवृत्त सनदी अधिकारी हे सांगतात, मंत्री सांगतात, आणि पुष्कळदा सामान्य नागरिकालाही ते पटते. हा युक्तिवाद खोडून काढायलाच हवा. त्याच्या आडोशाने माणसांचे जीव गेल्यानंतरही कोणाला जाब द्यावा लागलेला नाही.

बिहारमधल्या एका कैद्याला सत्र न्यायालयाने १९६८ साली निर्दोष सोडले. तो तुरुंगाबाहेर पडला ऑक्टोबर १९८२ मध्ये. पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड तेव्हा सरन्यायाधीश होते. त्यांच्या पीठाने १९८३ साली या माणसाला एकूण ३५ हजार रुपये भरपाई देण्यास सरकारला सांगितले. मूलभूत हक्क पायदळी तुडवल्याबद्दल राज्याने पैसे मोजावेत, हे तत्त्व या निकालाने रुजवले आणि त्याचे मोल मोठे आहे. पण रक्कम गेली ती सरकारच्या तिजोरीतून. दोषी अधिकाऱ्यांवर वेगळा दावा लावण्याची वाट न्यायालयाने मोकळी ठेवली होती; चौदा वर्षे विनाकारण गजाआड काढलेल्या गरीब माणसाने ती कोणाच्या बळावर चालायची?

ओडिशात १९८७ च्या डिसेंबरमध्ये पोलिसांनी नेलेला २२ वर्षांचा तरुण दुसऱ्या दिवशी रेल्वेरुळांवर मृतावस्थेत सापडला. तो कोठडीतून पळाला आणि गाडीखाली आला, असे पोलिसांनी सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. आईला दीड लाख रुपये मिळाले आणि जबाबदार व्यक्ती शोधून कारवाई करावी, अशी अपेक्षा १९९३ च्या निकालात व्यक्त झाली.

महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण आहे. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर पकडलेला परभणीचा २७ वर्षांचा अभियंता जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. औरंगाबादला नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला, अशी नोंद झाली. पुढे सीआयडीने त्याच्या कोठडीतील मृत्यूबद्दल चौदा पोलिसांवर ठपका ठेवला. सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती फक्त चौघांवर. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ मध्ये आईच्या पदरात सुमारे २० लाख रुपये पडले. निलंबित असलेले ते चौघे जून २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेतले गेले. मृत्यूला वीस वर्षे झाली तेव्हाही खटला संपलेला नव्हता. आरोपी दोषी की निर्दोष, हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचाच आहे. उरलेल्या दहा जणांबाबत मात्र तो प्रश्न न्यायालयापुढे जाऊच दिला गेला नाही.

आता ‘सही कोण करील’ या भीतीकडे वळू. वरच्या तिन्ही प्रकरणांत कोणाचे हात सही करताना कापले असते? सुटलेल्या कैद्याला आत ठेवणे किंवा ताब्यातल्या माणसाचा जीव जाणे हा धोरणात्मक निर्णय नव्हे. शिवाय वैयक्तिक दंडाचा प्रयोग या देशाने करून पाहिला आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २० नुसार माहिती विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला रोज २५० रुपये, कमाल २५ हजारांपर्यंत दंड होतो. त्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि सद्‌भावनेने केलेल्या कृतीला त्याच कायद्यात संरक्षण आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातही पाचशे ते पाच हजारांचा दंड आहे. या कायद्यांनी कचेऱ्यांना कुलपे लागली नाहीत. आणि फायली पडून राहण्याचे म्हणाल, तर सात कामकाजी दिवसांत फाईल निकाली काढा असे सांगणारा दप्तर दिरंगाई कायदा राज्याला २००५ सालीच करावा लागला. तेव्हा कोणत्या वसुलीचा धाक होता?

खातेनिहाय चौकशी पुरेशी आहे, असेही म्हटले जाते. ज्या खात्यावर आरोप, त्याच खात्याने आपल्या सहकाऱ्याला तपासायचे, यावर पीडिताने विश्वास का ठेवावा, याचे उत्तर कोणी दिलेले नाही.

उपाय शोधायला दूर जावे लागत नाही. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पूर्ण पैसे भरूनही घरासाठी ताटकळलेल्या ग्राहकाच्या दाव्यावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली स्पष्ट सांगितले, की भरपाई सरकारने भरली तर बोजा करदात्यावर पडतो. म्हणून खात्याने पीडिताला पैसे लगेच द्यावेत, दोषींची जबाबदारी ठरवावी आणि त्यांच्याकडून वाटून वसुली करावी. पीडिताला थांबावे लागत नाही आणि प्रामाणिक अधिकारी भरडला जात नाही. कोठडीतील छळ आणि मृत्यूबद्दल भरपाईच्या प्रत्येक आदेशात हीच पद्धत कायद्याने बंधनकारक व्हायला हवी.

खटल्यासाठी लागणाऱ्या सरकारी मंजुरीच्या अडसरावर थोडा इलाज झाला आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ नुसार सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. मात्र नकार देण्याची मुभा कायम आहे. म्हणून प्रत्येक नकार कारणांसह जाहीर झाला पाहिजे आणि त्याची प्रत मृताच्या घरच्यांच्या हाती पडली पाहिजे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण त्याला अजून औपचारिक मान्यता दिलेली नाही. ती देऊन कोठडीतील छळासाठी स्वतंत्र कायदा संसदेने करावा. २०१० साली तसे विधेयक लोकसभेने मंजूरही केले होते.