भाताऐवजी फ्लॉवर, पण जपून!

मधुमेही रुग्णाला ‘भात कमी करा’ म्हटले की तो विचारतो, ‘डॉक्टर, मग आमटी कशावर घेऊ?’ मी फ्लॉवर सुचवतो. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके असतात, तेवढ्याच फ्लॉवरमध्ये जेमतेम 5. फ्लॉवर किसून जिऱ्याच्या फोडणीवर पाचेक मिनिटे परतावा. झाकण ठेवू नये, पाणी सुटून लगदा होतो. वरून कोथिंबीर, पुदिना, लिंबू. मात्र आपल्या नगरकडची ज्वारीची भाकरी सोडू नका. अर्धी तरी ताटात असावी, असे माझे मत आहे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना भात-भाकरी एकदम बंद केल्यास साखर घसरते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. आहार बदलण्याआधी औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.