‘तुम्ही विचारलंत कुठे?’

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातल्या आमच्या खोलीत एक वाद झाला आणि तो आजतागायत मिटलेला नाही. वादाचा विषय ऐकून आमच्या प्राध्यापकांना कदाचित हसू येईल. एका जपानी कार्टूनमधला मांजरासारखा दिसणारा पांढरा प्राणी गुन्हेगार आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. माझ्या दोन्ही मैत्रिणींचे म्हणणे असे, की तो एकही शब्द खोटा बोललेला नाही. मुलींनी आपखुशीने करार केला. मग दोष त्याचा कसा? त्या रात्री मला नीट उत्तर देता आले नाही. ते वार्षिकांकाच्या निमित्ताने आता देत आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘मादोका मॅजिका’ ही बारा भागांची मालिका २०११ साली जपानच्या दूरचित्रवाणीवर आली. लेखक गेन उरोबुची, दिग्दर्शक अकियुकी शिनबो, निर्मिती शाफ्ट या स्टुडिओची. ‘जादूगार मुलगी’ हा जपानी कार्टूनमधला एक स्वतंत्र प्रकारच आहे. १९६६ च्या ‘सॅली’पासून त्याची परंपरा सांगतात. सॅली जन्मानेच जादूच्या राज्याची राजकन्या होती. पुढे साध्या शाळकरी मुलींनाही जादू मिळू लागली. त्या रूप पालटतात, दुष्टांशी लढतात आणि गृहपाठही करतात! त्यांच्या सोबतीला बोलके प्राणीही आले. १९९२ च्या ‘सेलर मून’मध्ये लूना नावाची मांजर आहे, १९९८ च्या ‘कार्डकॅप्टर साकुरा’मध्ये केरो आहे. हे प्राणी मुलींवर रागावतात, पण असतात मात्र त्यांच्याच बाजूचे. म्हणून ‘मादोका’मध्ये क्यूबे येतो तेव्हा मुलींना संशय येत नाही आणि पाहणाऱ्यांनाही येत नाही. उरोबुचीने सैतानाला शिंगे दिली नाहीत. ज्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायला मुली आधीच शिकल्या होत्या, तोच चेहरा त्याने सैतानाला दिला.

क्यूबेचा करार ऐकायला सरळ आहे. कोणतीही एक इच्छा मागा, ती पुरी होईल. बदल्यात जादूगार मुलगी होऊन चेटकिणींशी लढा. तो जे सांगत नाही ते असे : करार होताच मुलीचा आत्मा देहातून काढून एका मण्यात ठेवला जातो. मणी शंभर मीटरपलीकडे गेला की देह प्रेतासारखा कोसळतो. जादू वापरली किंवा मन खचले की मणी काळवंडत जातो आणि पुरता काळा झाला की त्या मुलीचीच चेटकीण होते. म्हणजे ज्या चेटकिणींना ती मारत आली, त्यांतल्या कितीतरी कधीकाळी तिच्यासारख्याच मुली होत्या! आशेची निराशा होताना जी ऊर्जा सुटते, ती क्यूबेच्या जातीला विश्वाचे आयुष्य लांबवण्यासाठी हवी असते. आत्म्याचे हे सत्य बाहेर पडल्यावर सायाका त्याला जाब विचारते. त्यावर तो शांतपणे म्हणतो, की तुम्ही विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही. मामी नावाच्या मुलीला (हे जपानी नाव आहे, आपले नाते नव्हे) तर मरेपर्यंत हे कळले नव्हते, हेही तो वर ऐकवतो.

या गोष्टीला सगळेजण फाउस्टचा करार म्हणतात. मालिकेतही तशा खुणा आहेत. शेवटच्या प्रचंड चेटकिणीचे नाव ‘वाल्पुर्गिसनाख्ट’ आहे; ती गटेच्या ‘फाउस्ट’मधली चेटकिणींची रात्र. पण मला हे साम्य अर्धेच पटते. गटेचा फाउस्ट कोण होता? तत्त्वज्ञान, कायदा, वैद्यक आणि धर्मशास्त्र पढलेला पंडित! समोर कोण उभे आहे हे ठाऊक असताना त्याने रक्ताने सही केली. मार्लोच्या नाटकातला सैतान तर, आमच्या इंग्रजीच्या सरांनी सांगितले तेव्हा मला आश्चर्यच वाटले, फॉस्टसला नरकाच्या यातना स्वतः सांगतो आणि असल्या मागण्या सोड असेही म्हणतो. सही करताना फॉस्टसचे रक्त गोठते. त्याचा देहसुद्धा त्याला सावध करतो. इतके कळूनही त्याने चोवीस वर्षांसाठी आत्मा विकला. त्याच्या कराराला करार म्हणता येईल. पण चौदा वर्षांच्या मुलीला आत्म्याचा ‘आ’सुद्धा न सांगता जे घेतले जाते त्याला करार म्हणायचे का? मला विचाराल तर सैतान क्यूबेपेक्षा प्रामाणिक होता.

आणखी एक गोष्ट. गटेच्या नाटकात सही फाउस्ट करतो, पण किंमत कोण मोजते? ग्रेचेन, एक साधी गरीब मुलगी. तिची आई जाते, भाऊ जातो, मूल जाते आणि शेवटी तिला देहदंड होतो. तिने कुठल्याच कागदावर सही केलेली नव्हती. मादोकाच्या चेटकीण-रूपाला मालिकेच्या कर्त्यांनी ‘क्रीमहिल्ट ग्रेचेन’ असे नाव दिले आहे. हे नाव सहज दिले गेले असेल असे मला वाटत नाही. या मुली फाउस्टच्या बहिणी नव्हेत, ग्रेचेनच्या आहेत.

‘हाव धरली की असेच होते,’ असा एक निष्कर्ष माझ्या मैत्रिणीने काढला. पण हाव कुठे आहे? सायाका काय मागते? ज्याच्यावर तिचा जीव आहे त्या व्हायोलिन वाजवणाऱ्या मुलाचा निकामी झालेला हात बरा व्हावा. क्योको काय मागते? धर्मोपदेशक वडिलांचे बोलणे लोकांनी ऐकावे. मामी मोटार अपघातात मरायला टेकलेली होती. तिने जगणे मागितले. आपल्याकडे म्हणतात, गरजवंताला अक्कल नसते. ही म्हण आजवर मीही वापरली आहे, पण आता ती मला नीट वाटत नाही. गरजवंताला अक्कल असते. त्याच्यापाशी नसतो तो वेळ, आणि नसते ती माहिती. ते दोन्ही ज्याच्याजवळ असते, तो बरोबर गरजेच्या वेळी दारात येतो.

इथे मला घरची गोष्ट सांगावी लागते. माझे आईवडील शाळा पुरी करू शकले नाहीत. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझ्या प्रवेशाच्या वेळी आईने गल्लीतल्या बायकांच्या गटातून तीस हजारांचे कर्ज काढले. कागद घेऊन आलेला मुलगा विशी-बाविशीचा, अदबीने बोलणारा होता. ‘काकू, फक्त इथे सही करा,’ म्हणाला. आईने आपले नाव जुळवून जुळवून लिहिले. हातात आलेली रक्कम तीस हजार नव्हती. काही आधीच कापलेले होते. पुढे गटातल्या एका काकूंचा नवरा आजारी पडला, त्यांचे हप्ते थकले, तेव्हा ते बाकीच्यांनी भरायचे असतात हे सगळ्यांना त्या दिवशी कळले. पैसे जमेपर्यंत कोणी उठायचे नाही असे ठरले आणि माझी आई दिवेलागणीपर्यंत तिथे बसून राहिली. ‘हे आधी का नाही सांगितलं?’ असे आईने विचारल्यावर त्या मुलाने दिलेले उत्तर मी मालिकेत पुन्हा ऐकले, तेव्हा अंगावर काटा आला. तो म्हणाला होता, ‘तुम्ही विचारलंत कुठे?’

त्या मुलाला क्यूबे म्हणणे अन्यायाचे होईल. क्यूबेला भावना नाहीत. त्याची मान मात्र हे बोलताना खाली होती. त्यालाही वरून कोणी आकडा दिलेला असणार. पण या गोष्टीत मी कोण, हा प्रश्न मला जास्त छळतो. सायाकाने ज्याचा हात बरा केला त्या कामिजोला शेवटपर्यंत कळत नाही, की हे कोणी आणि कशाच्या मोबदल्यात केले. तो पुन्हा व्हायोलिन वाजवू लागतो, एवढेच. मी ती कामिजो आहे. सही झाली त्या दिवशी घरात कागद वाचू शकणारी एकटी मीच होते, बारावी पास. आणि मी स्वयंपाकघरात पाहुण्यासाठी चहा ठेवत होते.

क्यूबे आपल्या बाजूने एक मुद्दा मांडतो. तुम्ही गुरे पाळता तसेच हे आहे. आणि आम्ही आलो नसतो तर तुम्ही अजून गुहेतच राहिला असता. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते कर्ज नसते तर हा लेख मी लिहीत नसते, हे प्रांजळपणे कबूल केलेच पाहिजे. पण फायदा खरा असला म्हणून लपवाछपवी खरी ठरत नाही. खरे सांगूनही आईने कदाचित सहीच केली असती. मग ती सही तिची स्वतःची झाली असती, एवढाच फरक. आणि माणूस व गुरे यांत फरक आहे तो इथेच.

म्हणून मालिकेचा शेवट मला फार मोलाचा वाटतो. मादोका अकरा भाग सही करीत नाही. ती घाबरते, रडते, पण विचारत राहते, पाहत राहते. सगळी कलमे कळल्यावरच ती इच्छा मागते : झालेल्या आणि होणाऱ्या सगळ्या चेटकिणी जन्मण्याआधीच आपल्या हातांनी नाहीशा करायच्या. किंमत तिलाही चुकत नाही. जगातून तिचे अस्तित्वच पुसले जाते आणि होमुरावाचून कोणाला तिची नीट ओळख उरत नाही. पण ही किंमत तिने आधी वाचलेली असते. ‘इच्छा धरू नका, पायरीने राहा,’ असा उपदेश आमच्यासारख्यांना घरीदारी भरपूर मिळतो. मादोका तसे म्हणत नाही. ती इच्छा धरते, पण आधी विचारते.

माझ्या मैत्रिणींना माझे उत्तर हे असे आहे. खोटे न बोलणे म्हणजे खरे सांगणे नव्हे. ज्याला सगळे ठाऊक असते, सांगण्याचे ओझे त्याच्यावरच असते. पण क्यूबे सुधारेल याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. या दिवाळीच्या सुट्टीत मी आईचे हप्त्यांचे पुस्तक उघडले, गटातल्या काकूंना बोलावून एकेक ओळ वाचून दाखवली आणि किती भरले, किती उरले ते वहीत मांडले. दोन ओळींचा अर्थ मलाही लागला नाही. तो विचारायला आम्ही आठजणी मिळून गेलो. आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिलेच वाचणारे आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा ट्रंकेतले कागद एकदा बाहेर काढा. आणि पुढच्या वेळी दारात कोणी कागद घेऊन आले, तर चहा थोडा उशिरा ठेवला तरी चालेल.