फेरीतली शेवटची सायकल



सायकल फेरीत कसं वागायचं हे एकदा लिहून काढू या, असं मी गेल्या बैठकीत सुचवलं, तेव्हा एक मैत्रीण फाडकन म्हणाली, "म्हणजे इथेही शिस्तच?" तिचं चिडणं मला समजतं. खाली बघून चाल, मोठ्यानं हसू नकोस, पाय जवळ घेऊन बस, दिवेलागणीच्या आत घरी ये. वागण्याच्या रीती आपल्याला जन्मापासून पुरल्या आहेत. निदान सायकलवर बसल्यावर तरी कुणी काही शिकवू नये, असं वाटणारच.

तरीही या अंकाचं संपादकीय मी त्याच विषयावर लिहिते आहे. रीत म्हटलं की ती कुणाच्या सोयीची, हा प्रश्न आपण घरात विचारतो, कोर्टात विचारतो. तो फेरीतही विचारायला हवा. आणि फेरीत रीत ठरवली नाही, तर ती आपोआप ठरते. सगळ्यात पुढे असणाऱ्याच्या सोयीची.

आपल्या पुण्यातल्या फेऱ्यांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पुढे गिअरच्या सायकली, डोक्याला हेल्मेट, रविवारी पहाटे सिंहगडाच्या रस्त्यानं जाऊन येणाऱ्या मुली. त्यांचं मला कौतुकच आहे. मागे वस्तीतल्या बायका. कुणी मुलाची सायकल आणलेली, कुणी नवऱ्याची, दांडीची. एकीची चेन सैल, एकीच्या ब्रेकचं रबर झिजलेलं. साडीचा काठ वर खोचलेला, ओढणी कमरेला बांधलेली. या बायका काही हौसेखातर सायकल चालवत नाहीत. चार घरची धुणंभांडी वेळेत उरकायची तर बस परवडत नाही आणि वेळेवर येतही नाही, म्हणून चालवतात. रस्त्यावर सायकलला जागा हवी, ही मागणी सगळ्यात जास्त त्यांची आहे. आणि फेरी सुटली की दहा मिनिटांत मागे पडतात त्याच.

अलका टॉकीजच्या चौकात हे नेहमी दिसतं. पुढच्या तिसेक सायकली हिरव्या दिव्यावर निघून जातात, दिवा लाल होतो, मधे पीएमटीची (आता तिला पीएमपी म्हणायचं, पण तोंडात जुनंच नाव बसलंय) बस शिरते, चार रिक्षा शिरतात. पलीकडे पोचलेल्यांची फेरी असते. अलीकडे उरलेल्या सहाजणींची फेरी राहत नाही. त्या फक्त हॉर्न खाणाऱ्या सहा बायका असतात.

समूहानं जाताना तुटायचं कसं नाही, हा प्रश्न इतरांनाही पडलेला आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला २५ सप्टेंबर १९९२ रोजी पन्नासेक जण कामावरून सुटल्यावर एकत्र सायकलवरून घरी निघाले. पुढे दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी निघायला लागले, आणि ही फेरी 'क्रिटिकल मास' या नावानं जगभर पसरली. नाव आलं चीनमधल्या सायकलस्वारांच्या वर्णनावरून. सिग्नल नसलेल्या चौकात ते एकेक करून थांबत, आणि पुरेसे साठले की सगळे मिळून मोटारींमधून वाट काढत. या फेरीला अध्यक्ष नाही, समिती नाही. ज्याला काही सुचवायचं असेल त्यानं पत्रक लिहावं, झेरॉक्स काढाव्यात आणि वाटाव्यात, अशी पद्धत. (आपल्या मंडळाच्या पहिल्या काळातली गोष्ट वाटते ना?) फेरी तुटू नये म्हणून दोन-तीन जण आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकल उभी करून थांबतात, सगळे पार झाले की स्वतः मागून निघतात. बाटलीला बूच लावावं तसं, म्हणून त्याला त्यांच्याकडे 'कॉर्किंग' म्हणतात.

पण बूच लावायला पुढे कोण सरसावतं? तिथल्याच लोकांनी त्याला नाव ठेवलं 'टेस्टोस्टेरॉन ब्रिगेड'. मोटारवाल्याशी हुज्जत घालण्यासाठीच जणू फेरीत आलेले तरुण. अडवायची गरज नसताना अडवायचं, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर जायचं. जुलै १९९७ मध्ये तिथल्या महापौरांनी फेरीला वळण लावायचं ठरवलं आणि एका संध्याकाळी शंभराहून अधिक जणांना अटक झाली. महापौरांची अरेरावी होतीच. पण फेरीवर रागावलेल्या सामान्य माणसांच्या मनात आधीपासून जे साठलं होतं, त्यात या ब्रिगेडचाही हात होता, असं माझं मत आहे.

सायकल फेरीतल्या भांडणाचा एक विचित्र गुण आहे. मोर्चात घोषणा देणारी तिथेच उभी असते, उत्तर द्यायलाही तीच असते. सायकलवर ज्यानं गाडीच्या बॉनेटवर थाप मारली तो पन्नास पावलं पुढे निघून जातो. गाडीवाल्याचा राग मागून येणारीवर निघतो. तो गाडी पुढे दामटतो, शिवी देतो, आणि ती पडते जिच्या सायकलला नीट ब्रेकही नाहीत तिच्या कानावर. म्हणून मी म्हणते, पुढच्यानं भांडू नये. भांडायचंच असेल तर सगळ्यात शेवटी राहून भांडावं.

याचा अर्थ आपण दबून जायचं असा नाही. याच अलका चौकातून विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक वेळ चालते. तेव्हा रस्ता बंद म्हणून कुणी हॉर्न वाजवत नाही, लांबून वळसा घालून जातात. आपण मागतो चार मिनिटं. ती मान ताठ ठेवून घ्यावीत. अँब्युलन्स आली तर मात्र दुसरा विचार नाही, डावीकडे सरकायचं, फेरी तुटली तर तुटू दे.

चौकात उभं कोणी राहायचं यावर आपल्यात बराच वाद झाला. आजवर हे काम मदतीला आलेले पुरुष मित्र करत आले. शिट्ट्या त्यांच्याकडे, हातवारे त्यांचे, आणि "ताई, पटपट चला, पटपट" हा घोषही त्यांचा. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण बायकांच्या फेरीसाठी बाप्यांनी रस्ता मोकळा करून द्यायचा आणि बायकांनी घाईघाईनं त्यातून निघायचं, हे दृश्य आपण बाकी सगळीकडे बघतोच. चौकात आपणच उभं राहू. मित्रांनी शेवटी राहावं, पंप आणि पंक्चरची पेटी घेऊन. ज्याला हे काम कमीपणाचं वाटेल त्यानं येऊ नये.

आता फोटोंबद्दल. यावर मला जरा थांबून बोलायचं आहे.

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी एक मुलगी गेल्या एका फेरीत आली होती. घरी तिनं क्लासला जाते म्हणून सांगितलं होतं. फेरीत सामील झालेल्या एका गटानं दुपारी व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, हसरे, छान. संध्याकाळपर्यंत ते तिच्या चुलत भावाच्या मोबाइलवर पोचले. तिला मारलं नाही. सायकल विकली. दोनशे पानी अहवालातही जिची नोंद होणार नाही अशी ही हिंसा. कॉलेज सहा किलोमीटरवर आहे, आणि आता तिला सोडायला-आणायला तोच भाऊ जातो. फोटो काढणाऱ्यांनी वाईट हेतूनं काही केलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण फेरीत येणारी प्रत्येक बाई घरी सांगूनच आली असेल हे गृहीत धरणं, ही घरी विचारावं न लागणाऱ्यांची चैन आहे. विचारल्याशिवाय कुणाचाही चेहरा टिपायचा नाही. पाठमोरे फोटो काढा, चाकांचे काढा. मोटारसायकलवरून शेजारी येऊन चित्रण करणारे टोळभैरवही भेटतात. त्यांच्या मागे लागू नका. दोघी-दोघींनी जवळ या, बाहेरच्या बाजूला सराईत असेल ती राहील, आणि गाडीचा नंबर टिपा.

दोघी-दोघींची ही कल्पना मला पुदुक्कोट्टईवरून सुचली. तमिळनाडूतल्या या जिल्ह्यात १९९१ साली जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेच्या मोहिमेला सायकल जोडली. खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून अधिक बायकांपर्यंत सायकल पोचली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, शाळेतल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी दांडीच्या घेतल्या, दांडीवर पोर बसवता येतं म्हणून त्याच बऱ्या म्हणू लागल्या. १९९२ च्या महिला दिनी दीड हजार बायका हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत शहरातून निघाल्या. पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्यातलं मला भावलं ते हे की नुकती शिकलेली बाई दुसरीला शिकवण्यासाठी लगेच शिबिराला येत होती. तिथे पुढची आणि मागची यांत अंतर फार राहिलंच नाही.

तर आपल्या पुढच्या फेरीत चाल ठरवायची ती शेवटच्या सायकलीनं. पुढे गिअरची सायकल नको, दांडीची हवी. सुटण्याआधी अर्धा तास हवा, ब्रेक, चेन बघून घ्यायची, ओढण्या आणि पदर नीट खोचायचे. सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे स्वच्छतागृह उघडं आहे ना, हे आदल्या दिवशी जाऊन पाहायचं. परवानगीच्या कागदावर ते कधीच नसतं.

एका गोष्टीवर एकमत झालेलं नाही. लाल दिवा लागला की पुढच्यांनी थांबायचं, की चौक धरून सगळ्यांना एकदम पार करायचं? माझं मत धरून ठेवण्याच्या बाजूचं आहे, पण पोलीस ठाण्यात अर्जावर सही करणाऱ्या मैत्रिणीचं मत वेगळं आहे, आणि बोलावणं आलं तर जाणार तीच. येत्या बैठकीत हाच विषय आहे. वस्तीतल्या मैत्रिणींना यायला जमावं म्हणून वेळ दुपारची ठेवली आहे. ज्यांना येता येणार नाही त्यांनी कळवावं, पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्या तरी चालतील.