फॉर्मॅट मारायची घाई

"फॉर्मॅट मारा आणि मोकळे व्हा!"

संगणकाचं काहीही दुखू द्या, आपल्याकडे औषध हेच. मानोऱ्यात काय आणि मुंबईत काय. माझं मत विचाराल तर हे औषधच नव्हे, पंचनाम्याआधी प्रेत जाळून टाकणं आहे. आणि हे मत मला फुकट मिळालेलं नाही, बरं का.

तर झालं असं... 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित पाठिंबा संपला. आमचा म्हातारा डेस्कटॉप काही विंडोज 11 च्या अटींत बसेना. आठवड्याभरात दिवाळी आली, अमरावतीला शिकणारा भाचा मानोऱ्याला आला. येताना छोटी एसएसडी घेऊन आला, ती आत बसवली, तिच्यावर लिनक्स टाकलं. जुनी हार्डडिस्क तशीच राहू दिली, कारण आईचे फोटो आणि शेताचे हिशेब सगळे तिच्यावर.

डिसेंबरात खोड सुरू झाली. चार दिवस पठ्ठ्या मुकाट चालू व्हायचा, पाचव्या दिवशी काळा पडदा आणि त्यावर 'इमर्जन्सी मोड'. बंद करून पुन्हा लावला की कधी चालू, कधी पुन्हा तेच.

रोज बंद पडणारं यंत्र परवडलं हो! कधीमधी बंद पडणारं यंत्र माणसाला खोटं शहाणपण देतं. मी प्लग बदलला, दोन दिवस बरे गेले. म्हटलं, प्लगच खराब होता. मग रॅम काढून खोडरबरने घासली, चार दिवस चालला. मी चारचौघांत फुशारकीसुद्धा मारली. मग पुन्हा पडदा काळा. मग विजेला शिव्या घातल्या, आणि शेवटी भाच्याला फोन लावला.

"मामा, लॉग पाहिला का?" एवढंच तो म्हणाला.

"लॉग गेला खड्ड्यात! तू हात लावायच्या आधी चालत होतं ते!" मी. पोरगा गप्प झाला. संक्रांतीला येणार होता, आला नाही. ही म्हणाली, "लेकराले कायले बोलले तुमी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुकानात न्यायच्या आदल्या रात्री पुन्हा तोच पडदा आला. या वेळी बटण न दाबता मी तो वाचला. त्यावर सरळ लिहिलेलं होतं की नोंदी बघायच्या असतील तर अमुक आज्ञा द्या. दीड महिना यंत्र मला हे सांगत होतं आणि मी त्याचं तोंड दाबत होतो! आज्ञा दिली, नोंदी उलटल्या. लाल अक्षरांत एक ओळ: एसडीबी-1 जोडता आलं नाही. अन् माझ्या पोटात गोळा आला. कारण 'एफएसटॅब' नावाच्या फायलीत ती ओळ मीच लिहिली होती, भाचा गेल्यावर, जुनी हार्डडिस्क आपोआप उघडावी म्हणून. लिहिली आणि विसरलो.

आता यात चूक काय? एसडीए, एसडीबी ही डिस्कची कायमची नावं नव्हेत, रांगेतले नंबर आहेत. लिनक्सचा गाभा डिस्क एकाच वेळी शोधू लागतो. आधी ओ देईल ती एसडीए, मागाहून देईल ती एसडीबी. मानोरा स्टँडवर एसटीत चढण्यासारखंच. कंडक्टरला "दुसऱ्या सीटवरच्या माणसाला डबा द्या" असं सांगितलं, तर बहुतेक दिवस डबा बरोबर जाईल. ज्या दिवशी भलताच माणूस तिथे बसेल त्या दिवशी आपला माणूस उपाशी! माझी ओळ असाच डबा पाठवत होती. क्रम उलटला की एसडीबी-1 म्हणजे नव्या एसएसडीचा भाग. तो जुन्या विंडोजच्या पद्धतीने जोडायला जावं तर जमेना, आणि जरुरीची डिस्क मिळाली नाही म्हणून यंत्र तिथेच थांबायचं.

उपाय दोन मिनिटांचा. 'बीएलकेआयडी' या आज्ञेने डिस्कचा कायमचा ओळखक्रमांक काढला आणि ओळीत नावाऐवजी तो लिहिला. जोडीला 'नोफेल' हा शब्द, म्हणजे ही डिस्क दिसली नाही तरी बाकीचं यंत्र अडू नये.

फॉर्मॅट मारलं असतं तर? ओळ पुसली गेली असती, यंत्र चाललं असतं आणि दोष भाच्याच्या नावावर कायमचा राहिला असता. मला याचंच जास्त भय वाटतं. बिघाड निघून जातो, पण आपण ज्याच्यावर खापर फोडलं तो तसाच गुन्हेगार राहतो. म्हणून माझं सांगणं एवढंच: चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं असं समजू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, तारखेसकट वहीत लिहा, पडद्यावरचं वाचा. माणसावर बोट मग दाखवा, दाखवायचंच असेल तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. सगळं सांगितलं, चुकलं म्हणालो. पलीकडे जरा वेळ शांतता.

"मग आता फॉर्मॅट नाही ना मारायचं, मामा?"

होळीला येतो म्हणालाय.