मैदान, कार्यशाळा आणि रयतेची मुले

खेळ, वक्तृत्व मंडळ, हस्तलिखित, हस्तव्यवसाय यांना आपण ‘अवांतर’ म्हणतो आणि बाजूस सारतो. धनिकांच्या शाळांत मात्र हेच ‘अवांतर’ घसघशीत शुल्क आकारून अग्रक्रमाने शिकविले जाते. नगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) सार्वजनिक शाळांचा विचार या विषमतेपासूनच सुरू केला पाहिजे.

या जिल्ह्याच्या उत्तरेस प्रवरा-गोदावरीचे पाणी, ऊस, साखर कारखाने आणि त्यांच्या छायेत उभी राहिलेली शिक्षणसंकुले आहेत. दक्षिणेस पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा अवर्षणग्रस्त टापू आहे. दिवाळी सरली की तेथील कोयते फडाच्या वाटेला लागतात आणि अनेक घरांतील मुलेही आईबापांमागून जातात. शाळांची स्नेहसंमेलने भरतात ती नेमकी याच गळिताच्या दिवसांत! ज्या मुलाला रंगमंच नि मैदान सर्वाधिक हवे, ते त्या वेळी मोळ्या बांधत असते. त्याच्या बहिणीचे शिक्षण तर पुष्कळदा तेथेच संपते आणि तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. हंगामी वसतिगृहाची मागणी म्हणूनच केवळ निवाऱ्याची नव्हे. ती मुलांच्या बालपणाची मागणी आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेला मैदान व क्रीडासाहित्य बंधनकारक केले. सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावेत, असेही त्यात म्हटले आहे. कायद्याने ‘अंशकालीन’ म्हटले आणि शासनाने त्याचा अर्थ ‘अल्पमोली’ असा लावला. ज्याला स्वतःच्या उद्याची शाश्वती नाही, त्याने मुलांचे भविष्य घडवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पुढे नववी-दहावीला तर या कायद्याचे छत्रही उरत नाही.

शेजारच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी मैलोगणती चालत-धावत शाळा गाठीत असे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली त्याने स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले. त्याचा सर्वांना अभिमान वाटला. पण त्याला धावपटू म्हणून घडविले ते सैन्यात गेल्यावर. गुणवत्ता गावात जन्मते आणि तिला संधी मात्र गाव सोडल्यावर मिळते, हे व्यवस्थेचे यश नव्हे.

आता व्यवसायशिक्षणाकडे वळू. २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांपर्यंत ते पोहोचविण्याचे उद्दिष्ट २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने ठेवले होते. आपले काही साथी त्यावर आक्षेप घेतात: गरिबांच्या मुलांना पान्हा आणि श्रीमंतांच्या मुलांना पदवी, असाच हा डाव आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून हस्तव्यवसायाला विरोध निष्पन्न होत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एकत्र राबत व एका पंक्तीत जेवत. ‘कमवा आणि शिका’ ही तेथे मजूर घडविण्याची युक्ती नव्हती. श्रमाची लाज आणि जातीचा ताठा हे दोन्ही मोडण्याचे ते साधन होते. आजच्या योजनेत प्रशिक्षक खासगी कंपनीमार्फत कंत्राटावर येतो, आणि मुलाला कौशल्य मिळते ते बाजाराच्या गरजेपुरते. किमान वेतन म्हणजे काय, संघटना कशासाठी, सहकारी संस्थेचा हिशेब कसा वाचावा, हे त्याला कोण शिकविणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक माध्यमिक शाळेला पूर्णवेळ क्रीडाशिक्षक व सुसज्ज कार्यशाळा मिळावी. निदेशक शाळेच्या आस्थापनेवर घ्यावेत. हस्तव्यवसाय सर्वांना असावा, केवळ ‘मागे पडलेल्यांना’ नव्हे. मैदानाची एक गुंठाही जमीन अन्य कामास जाऊ नये.

आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. हा जिल्हा अच्युतराव पटवर्धनांचा. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने खेळ, गाणी आणि श्रमदान यांतूनच कार्यकर्ते घडविले. पाण्याच्या आवर्तनासाठी आणि कांद्याच्या भावासाठी आपण रस्त्यावर उतरतो, ते योग्यच आहे. पण गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या सभेला आपल्यापैकी किती जण गेले? पुढील सभेला जावे, मैदानाचा उतारा मागावा, निदेशकाच्या मानधनाची चौकशी करावी. मोर्चाची तयारी तेथूनच सुरू होते.