डहाणू रोडमधला ‘रोड’ कोणाचा?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर वाचा, डहाणूहून निघालात तर पालघरपर्यंत संपेल. उभे असाल तर राहू द्या, रात्री वाचा.

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं पंधरा दिवस व्हिएन्नाला होतो. भाची तिथे नोकरीला आहे. फोटो टाकले तेव्हा बऱ्याच जणांनी राजवाड्याबद्दल विचारलं. राजवाडा बघितला, मोठा आहे, छान आहे. पण माझ्या डोक्यातून जात नाही ती एक साधी बस. एका रविवारी भाचीने आम्हाला शहराबाहेरच्या एका खेड्यात नेलं. ट्रेन चार-पाच मिनिटं लेट झाली. स्टेशन म्हणजे आपल्या वाणगावपेक्षाही लहान. बाहेर बस उभी. आम्ही सहा-सात जण उतरलो, चढलो, दार बंद झालं आणि बस निघाली. मी भाचीला विचारलं, “अगं, ही नेमकी आपल्यासाठी थांबली का?” ती म्हणाली, “मामा, ती ट्रेनसाठीच असते.” तिकीटही वेगळं काढलं नाही. घरातून निघताना काढलं होतं तेच एक, ट्रेनचंही आणि बसचंही.

बायको म्हणाली, “तुम्ही असे का बघताय त्या बसकडे?” काय सांगणार? अंधेरीला बावीस वर्षं अपडाउन केलंय. डहाणू रोडला उतरल्यावर स्टेशनबाहेर जे धावणं असतं ते आठवत होतं. पूर्वेला पळणारे कोण, पश्चिमेला पळणारे कोण, जीपची शेवटची सीट कोणाला मिळणार, आणि मागे राहिलेले दहा-बारा जण एकमेकांकडे बघत कसे उभे राहणार.

आपल्या स्टेशनच्या नावाचा कधी विचार केलाय का? डहाणू नाही, डहाणू रोड. केळवे नाही, केळवे रोड. बोर्डी रोड, पुढे गुजरातेत उंबरगाव रोड. इंग्रजांच्या काळात, १८६४ साली मुंबई-सुरत रेल्वे जोडली गेली. रूळ गावातून न जाता गावापासून लांबून गेले, तिथे स्टेशनाच्या नावाला ‘रोड’ लागलं. म्हणजे काय, तर गाव इथे नाही, इथून गावाला रस्ता जातो. रेल्वेने आपलं काम केलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली, आपण अजून पुढचं आपलं आपण बघतोय.

आणि डहाणू गावाचं तरी बरं आहे, खाडीपर्यंत रिक्षा मिळते, फार तर चालत जाल. तलासरीचं काय? अख्ख्या तालुक्याचं मुख्य ठिकाण हायवेवर, तिथे स्टेशनच नाही. कासा, चारोटी, आशागड, गंजाड, उधवा, सायवन, या सगळ्यांसाठी स्टेशन म्हणजे आधी एक गाडी पकडायची, मग दुसरी.

१६ एप्रिल २०१३ आठवतो? चर्चगेटची लोकल पहिल्यांदा डहाणू रोडपर्यंत आली तो दिवस. त्याआधी विरारला उतरा, शटलची वाट बघा, लोंबकळा. त्या दिवशी फलाटावर पेढे वाटले, मीसुद्धा खाल्ले. मोठी गोष्ट होती, आजही आहे. ज्यांनी ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरली त्यांचे उपकार आहेत. पण आपण तेव्हा एक चूक केली, मी धरून सगळ्यांनी. लोकल आली म्हणजे प्रश्न सुटला असं समजलो. लोकल स्टेशनापर्यंत येते. माणूस स्टेशनात राहत नाही.

एक उदाहरण देतो, नाव-गाव सांगणार नाही. उधव्याच्या पुढच्या एका पाड्यावरची मुलगी. बारावीनंतर पालघरला एका कोर्सला नंबर लागला. घरातून असं पुढे शिकायला निघालेली ती पहिलीच. सकाळी पाड्यावरून चालत नाक्यावर, तिथून जीप, मग लोकल, मग पालघरला पायी. जायचं जमत होतं. यायचं जमेना. संध्याकाळी लोकल डहाणूला आली की पुढची गाडी असेल तर असेल. आधीच्या लोकलने यायचं तर शेवटचा तास बुडणार. दोन-तीनदा अंधारात स्टेशनबाहेर अडकली. एकदा मी आणि माझा शेजारी तिला गाडीने सोडून आलो. तेव्हा तिचे वडील नाक्यावर बॅटरी घेऊन उभे होते, केव्हापासून कोण जाणे. काही बोलले नाहीत, आमचा हात धरला फक्त. तीन महिन्यांनी तिने कोर्स सोडला. आता उंबरगावच्या बाजूला कंपनीत जाते. कंपनीची गाडी नाक्यावर येते ना!

हे वाक्य परत वाचा. कंपनीला कळतं की कामगार हवा असेल तर गाडी नाक्यावर पाठवावी लागते.

यात दोष कोणाचा, असं मी बराच काळ शोधत होतो. खरं सांगायचं तर यात कोणाचीच चूक सापडत नाही, आणि तीच मोठी अडचण आहे. लोकल केंद्राच्या रेल्वेची. एसटी राज्याची. जीप आणि रिक्षाचं परमिट आरटीओचं. स्टेशनबाहेरचं आवार रेल्वेचं, त्याला लागलेला रस्ता नगरपरिषदेचा, पुढचा जिल्हा परिषदेचा नाहीतर बांधकाम खात्याचा. प्रत्येकाने आपलं काम नीट केलं असं धरलं, तरी लोकल आणि जीप यांच्या मधली ती पंधरा मिनिटं कोणाच्या कागदावर नाहीत. ती पंधरा मिनिटं ज्याची त्याची.

व्हिएन्नातही हे सगळे वेगवेगळेच आहेत बरं का. मेट्रो-ट्राम शहराची, ट्रेन देशाच्या रेल्वेची, बाहेरच्या बस आणखी कोणाच्या. पण १९८४ साली त्यांनी या सगळ्यांवर एक मंडळ बसवलं. व्हिएन्ना शहर आणि आजूबाजूची दोन राज्यं मिळून. त्याचं काम काय, तर तिकीट एक करायचं आणि वेळापत्रक एकमेकांना जुळवायचं. बस त्याची नाही, ट्रेन त्याची नाही. सांधा त्याचा. ही कल्पना पण त्यांची नाही, जर्मनीत हॅम्बुर्गने १९६५ सालीच करून दाखवली होती. स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभर गाड्या ठरलेल्या अंतराने सोडायला सुरुवात केली. तासाच्या अमुक मिनिटाला ट्रेन, म्हणजे अमुक मिनिटाला डोंगरातली बस. वेळापत्रक पाठ करायची गरजच नाही.

आता कमेंटमध्ये येणार, “काका, तिकडचा पैसा आणि आपला पैसा!” थांबा. व्हिएन्नाचा वार्षिक पास २०१२ पासून ३६५ युरोला होता, दिवसाला एक युरो. जगभर त्याचं कौतुक झालं. या वर्षीपासून, म्हणजे जानेवारी २०२६ पासून, त्यांनीही तो वाढवला. पण स्वस्ताईत आपण त्यांना केव्हाच मागे टाकलंय. लोकलचा पास आपल्याकडे किती स्वस्त आहे ते तुम्हाला माहीत आहे. एसटीत २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढे मोफत. लक्झेंबर्गने तर २०२० पासून सगळ्या देशात बस-ट्राम-ट्रेन फुकट केली (देश केवढा, तर २,५८६ चौरस किलोमीटर, आपल्या पालघर जिल्ह्यापेक्षा लहान). चांगलं आहे. पण त्या मुलीला तिकीट परवडत नव्हतं म्हणून तिने कोर्स सोडला नाही. अर्धं तिकीट गाडी असेल तरच अर्धं. नसलेल्या गाडीचं तिकीट फुकट असलं तरी काय उपयोग?

पैशाबद्दल एक गोष्ट मात्र मला तिकडे कळली आणि ती आपल्या कामाची आहे. व्हिएन्नात १९७० पासून मालकांवर मेट्रोसाठी एक छोटा कर आहे. प्रत्येक नोकरामागे मालकाने दर आठवड्याला द्यायचा, सध्या २ युरो. माणूस कामावर वेळेत पोचतो त्यात मालकाचाही फायदा आहे, हे साधं गणित. आपल्याकडे बोईसर-तारापूर एमआयडीसी आहे. तिथल्या कंपन्यांच्या बस रोज धावतात, आपापल्या, अर्ध्या रिकाम्या. त्याच पैशातून नाक्या-नाक्यावरून सगळ्यांसाठी चालणारी गाडी होऊ शकत नाही का? मी अर्थतज्ज्ञ नाही. पण निदान कोणी बसून हिशोब तरी मांडावा.

तिकिटाचं म्हणाल तर आपल्याकडेही सुरुवात झाली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला ‘मुंबई वन’ हे ॲप सुरू झालं. लोकल, मेट्रो, मोनो, बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, अशा ११ सेवांचं तिकीट एकाच ठिकाणी. उत्तम काम, मनापासून सांगतो. पण सुरू झालं तेव्हाच्या त्या अकरांच्या यादीत एसटी नव्हती. म्हणजे कुलाब्याचा माणूस एका ॲपवर घरापर्यंत जाणार आणि तलासरीचा माणूस डहाणू रोडला उतरून पुन्हा ‘रोड’वर. रूळ जिथे संपतात तिथे आमची मुंबई पण संपते. मुंबई संपली की आम्ही गुजरातच्या आधीचं काहीतरी.

गुजरातवरून आठवलं. तलासरीचे किती लोक कामाला, बाजाराला, दवाखान्याला वापी, संजाण, सिल्वासाकडे जातात ते वेगळं सांगायला नको. तिथे दोन राज्यं आणि एक केंद्रशासित प्रदेश येतो, म्हणून बस जुळवणं आणखीच अवघड असं आपल्याला सांगतात. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा साठेक किलोमीटर. दुसरा देश, दुसरी भाषा, दुसऱ्या देशाची राजधानी. तासाभरात ट्रेन नेते आणि तिकीट खिडकीवर कोणी तोंड वाकडं करत नाही. आपली हद्द तर एका हायवेच्या कमानीएवढी.

तालुक्यातून काय काय चाललंय बघा. बुलेट ट्रेन डहाणू-तलासरीतून जाणार, थांबणार बोईसरला. मालगाड्यांचा वेगळा मार्ग इथून. वडोदरा-मुंबई एक्सप्रेसवे इथून. विरार-डहाणू चौपदरीकरण २०१६ ला मंजूर झालं, चौसष्ट किलोमीटरचं काम, ते व्हायलाच हवं, कारण आज दोनच रुळांवर लोकल, मेल, मालगाडी सगळं चाललंय. वाढवणच्या बंदराबद्दल मी आधी लिहिलंय, इथे लिहीत नाही, नाहीतर कमेंटमध्ये तेच सुरू होईल. मुद्दा एवढाच, की आमच्या शेतावरून जाणाऱ्या सगळ्या गोष्टींना हजारो कोटी आहेत. आशागड ते स्टेशन जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीला ठरलेली वेळ नाही.

आणि जीपवाल्यांना शिव्या देऊ नका. दर वेळी कोणीतरी “हे अवैध वाहतूकवाले” म्हणून सुरू होतं. अरे बाबांनो, ते नसते तर अर्धा तालुका घरी बसला असता. एका सीटवर चार बसवतात, टपावर बसवतात, चूक आहे, जीवघेणं आहे. पण सीट भरल्याशिवाय गाडी सोडली तर डिझेलही सुटत नाही, त्यालाही घर आहे. ऑस्ट्रियात खेड्यांमध्ये जिथे मोठी बस परवडत नाही तिथे फोन केला की येणारी छोटी गाडी ठेवतात, आणि तीही त्याच मंडळाच्या यादीत. आपल्या इकोवाल्याला ठरलेली वेळ, उभं राहायला हक्काची जागा आणि रिकाम्या फेरीचे थोडे पैसे दिले, तर तोच आपली सार्वजनिक वाहतूक आहे. नवीन काही आणायला नको.

मग मागायचं काय? मेट्रो नको. मला वाटतं सुरुवातीला एक छोटीच गोष्ट मागू. संध्याकाळच्या ठरावीक चार लोकल निवडायच्या, जास्तीत जास्त लोक ज्यांनी येतात त्या. त्या प्रत्येक लोकलसाठी एक गाडी कासा-चारोटीकडे आणि एक उधवा-तलासरीकडे, एसटी असो की परवान्याची जीप, आणि ती लोकल आल्यावरच सुटेल. लोकल पंधरा मिनिटं लेट असेल तर पंधरा मिनिटं थांबेल. फलाटाच्या बाहेर मराठीत एक फळा, कोणत्या लोकलला कोणती गाडी. आणि हे बघायला एक अधिकारी, एकच, ज्याचा फोन नंबर त्या फळ्यावर असेल. जिल्हाधिकारी कार्यालयाने रेल्वे, एसटी, आरटीओ आणि नगरपरिषद यांना एका टेबलावर बसवलं तर एका दुपारचं काम आहे. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तो कारभार जवळ यावा म्हणूनच ना?

निवेदन लिहायला घेतलंय. पण “प्रवाशांची गैरसोय होते” असं लिहिलं की ते फायलीत जातं, हे मला माहीत आहे. आकडे हवेत. म्हणून एक काम करा. खाली फक्त तीन गोष्टी लिहा: कोणत्या लोकलने उतरता, पुढे कुठे जायचं असतं, आणि गाडी मिळेपर्यंत किती वेळ उभे राहता. आजचंच लिहा, अंदाजे नको. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं शेजारच्याने लिहावं. पुढच्या रविवारी सकाळी पूर्वेकडच्या चहाच्या टपरीवर मी वही घेऊन बसतोय, तिथे येऊन सांगितलंत तरी चालेल. चहा माझ्याकडून.